गोळी घालून कुलूप उघडत नाही

सीन तुम्हाला पाठ आहे. शहराबाहेरचं गोदाम. आत हिरोची आई किंवा हिरोइन, खुर्चीला बांधलेली. बाहेर शटरला मुठीएवढं कुलूप. हिरो एकदा डावीकडे बघतो, एकदा उजवीकडे, पिस्तूल कुलपापासून वीतभर अंतरावर धरतो. ठो! एक ठिणगी, आणि पिकलेला चिकू पडावा तसं कुलूप टपकन खाली. मग हिरो मागच्या साथीदाराकडे वळून ओठांवर बोट ठेवतो. आवाज करू नकोस म्हणून.

आत्ताच तर तू गोळी झाडलीस ना बाबा?

हे खोटं असतं, हे काही मी लावलेला शोध नाही. माझं भांडण आहे ते हे सांगितल्यावर समोरून येणाऱ्या वाक्याशी. "अरे पिक्चर आहे, सोड ना." मी सोडत नाही. का सोडत नाही ते सांगण्यासाठी आधी एक हॉस्टेल सांगावं लागेल.

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला मी जिथं राहायचो तिथं रात्री दहाला खालच्या चॅनेल गेटला कुलूप लागायचं. तीन मजले, एक जिना, एक गेट, साठेक पोरं. चावी वॉचमन मामांच्या खिशात. कारण विचारलं की रेक्टर सर म्हणायचे, "तुमच्याच सुरक्षेसाठी." डिसेंबरात एका रात्री साडेअकराच्या सुमाराला जिन्याखालच्या मीटरच्या पेट्यांमधून धूर यायला लागला. आधी वाटलं कुणीतरी डासांची अगरबत्ती लावली असेल. मग प्लास्टिक जळाल्याचा तो घशात बसणारा वास आला, लाइट गेले आणि सगळे धडाधड खाली गेटपाशी. मामा नाक्यावर चहाला गेलेले. त्यांचा फोन त्यांच्या खोलीत, चार्जिंगला.

माझा साताऱ्याचा रूममेट व्यायामाचा दहा किलोचा डंबेल घेऊन आला आणि कुलपावर घाव घालायला लागला. दहा घातले, बारा घातले. कुलूप चेपलं, कडी वाकडी झाली. उघडलं नाही. तेवढ्यात मामा धापा टाकत आले, खिशातून चावी काढली आणि गजांतून हात घातला. चावी आत जाईना. चावीचं भोकच आम्ही चेपून टाकलं होतं.

वरच्या पायरीवरून कुणीतरी ओरडलं, "आत्ता बंदूक पाहिजे होती यार, एक गोळी आणि खेळ खल्लास." कुणी हसलं नाही. कारण कुणालाच तो विनोद वाटला नव्हता. मलाही नाही. मी मनात म्हटलं, खरंय. धुरात उभं राहून, भौतिकशास्त्रात बरे मार्क पडलेल्या मुलानं म्हटलं, खरंय. त्या रात्रीची मला कशाची लाज वाटत असेल तर याची.

शेजारी बांधकाम चालू होतं. तिथला एक मजूर गडबड ऐकून पहार घेऊन आला. त्यानं कुलपाकडे बघितलंसुद्धा नाही. कोयंडा गेटच्या पट्टीला जिथं वेल्डिंगनं चिकटवला होता त्या फटीत पहार घुसवली आणि अंगाचा भार टाकला. दुसऱ्या झटक्याला कोयंडा सुटला. कुलूप बंदच होतं. बंद अवस्थेतच, कोयंड्याला धरून, ते खाली पडलं. दोघातिघांना खोकला झाला, बाकी कुणाला काही नाही. दुसऱ्या दिवशी नवा कोयंडा, नवं कुलूप आणि मालमत्तेच्या नुकसानीबद्दल प्रत्येकी २०० रुपये दंड. त्या मजुराला कुणी चहासुद्धा विचारला नाही. आम्हीही नाही.

आता गोळीकडे येऊ. पिस्तुलाची नऊ मिलिमीटरची गोळी साधारण आठ ग्रॅमची असते आणि नळीतून सेकंदाला साडेतीनशे मीटरच्या आसपास वेगानं सुटते. बारावीचं सूत्र आठवा, वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग भागिले दोन. उत्तर येतं ५०० ज्यूलच्या जवळपास. ५० किलोची सिमेंटची गोणी जमिनीपासून एक मीटर उचलायला एवढीच ऊर्जा लागते. माणसाच्या शरीरात ती शिरली तर माणूस मरतो, कारण शरीर मऊ आहे. कुलूप मऊ नाही. उलट गोळीच मऊ आहे. आत शिसं, वर तांब्याचा पातळ पत्रा. ती कुलपाच्या पोलादी कडीवर आपटते तेव्हा आधी स्वतः चपटी होते, फुटते, आणि तिचे तुकडे मिळेल त्या दिशेला उडतात. त्यातली एक दिशा गोळी झाडणाऱ्याची. वीतभर अंतरावर चेहरा नेऊन उभ्या असलेल्या हिरोची. शिवाय लोंबतं कुलूप हे टांगलेल्या घंटेसारखं असतं. मार बसला की झोका घेतं, आणि मारातला काही भाग त्या झोक्यातच जातो. राहिला आवाज. पिस्तुलाचा बार १४० डेसिबलच्या वर जातो. बंद गोदामाच्या दारात तो ऐकल्यावर बराच वेळ कानात शिटी वाजत राहील, त्यामुळे साथीदाराला कुजबुजून सांगितलेलं तसंही ऐकू येणार नाही.

पण खरी गंमत कुलपाच्या आत आहे. आपल्याकडच्या घराघरांतल्या कुलपात लिव्हरची चकती-पट्ट्यांची रांग असते. प्रत्येक पट्टी चावीच्या दात्यानं ठरलेल्या उंचीपर्यंत उचलली जाते. कमी नाही, जास्त नाही. सगळ्या एका रेषेत आल्या की खिट्टी सरकते आणि कडी सुटते. (वकिली सोडून १८९७ साली मुंबईत कुलपं बनवायला बसलेल्या अर्देशीर गोदरेज यांच्यावर एखादा बायोपिक यायला खरंतर हरकत नाही. निदान त्यात तरी कुलूप चावीनं उघडेल.) गोळी या पट्ट्या उचलत नाही, चिरडते. चिरडलेल्या पट्ट्या खिट्टीला जागच्या जागी जाम करतात. कुलूप मोडणं आणि कुलूप उघडणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि पहिलं नीट जमलं तर दुसरं बहुतेक वेळा अशक्य होऊन बसतं. आमच्या डंबेलनं तेच केलं होतं. मामांकडे चावी होती आणि तरी कुलूप उघडलं नाही, ते आमच्या पराक्रमामुळे.

विश्वास बसत नसेल तर हे करून पाहिलेलं आहे. 'मिथबस्टर्स' या अमेरिकन कार्यक्रमानं २००६ साली सिनेमातल्या समजुती तपासताना कुलपांवर गोळ्या झाडल्या. नऊ मिलिमीटरचं पिस्तूल हरलं. त्याहून दांडगं .३५७ मॅग्नम रिव्हॉल्व्हरही हरलं. मग त्यांनी दुसऱ्या महायुद्धातली एम-१ गॅरंड रायफल आणि ठोस गोळीची शॉटगन आणली, तेव्हा कुलपं फुटली. म्हणजे बंदुकीनं कुलूप कधीच तुटत नाही असं मी म्हणत नाहीये. पुरेशी मोठी बंदूक आणा, तुटेल. पण तिथं तुकडे अशा जोरात उडत होते की शेजारी उभं राहून आईला हाक मारण्याची सोय नव्हती. आणि दाराच्या त्या बाजूला आईच उभी असेल तर? कुलपातून, दारातून आरपार गेलेली गोळी तिथं थांबते असं कुणी सांगितलं?

रायफलचीही खात्री नाही. अमेरिकेतल्या मास्टर लॉक कंपनीची एक जाहिरात फार गाजली होती. १९७४ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे त्यांच्या फुटबॉलच्या फायनलमध्ये, ती दाखवली गेली. एक नेमबाज रायफलनं कुलपावर गोळी झाडतो. गोळी कुलपाला भोक पाडून जाते. कुलूप बंद ते बंदच. ही गोष्ट टीव्हीवर दाखवून कुलपं विकली गेली आहेत, आणि तरीही सिनेमात कुलूप पहिल्या गोळीला पडतं.

ज्यांना खरोखर दारं फोडायची असतात ते काय करतात बघा. कमांडो पथकं शॉटगन वापरतात, पण त्यात धातूची भुकटी दाबून बनवलेली खास काडतुसं असतात, जी लागल्यावर विस्कटून जावीत आणि पलीकडच्या माणसाला लागू नयेत. नेम असतो बिजागरीवर, किंवा दार चौकटीत अडकतं त्या जागेवर. न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलातल्या ह्यू हॅलिगन या अधिकाऱ्यानं १९४८ मध्ये एक लोखंडी पहार बनवली. एका टोकाला चिमटा, दुसऱ्या टोकाला फाळ आणि टोच्या. आजही जगभरचे फायरमन तीच घेऊन धावतात. आणि आपले चोर? कुठलाही मराठी पेपर उघडा. "बंद घराचा कडी-कोयंडा उचकटून चोरट्यांनी आत प्रवेश केला." पिढ्यान् पिढ्या तेच वाक्य. त्यात कुलूप नाहीच. चोरांना ठाऊक आहे की कुलूप हा साखळीतला सगळ्यात दणकट भाग. त्याला ज्यात अडकवलंय तो पत्रा, ते दोन स्क्रू, ती वाळवी लागलेली चौकट, ते कच्चे. चोरांच्या हातात कटावणी असते. त्या मजुराच्या हातात पहार होती.

या हिशेबानं आपल्या पडद्यावरचा सगळ्यात वास्तववादी माणूस 'सीआयडी'मधला दया. त्याच्यावर किती मीम झाले! पण तो दरवाजाच तोडतो. लाथ बसते ती कुलपाच्या बाजूला, झटका जातो चौकटीला. ACP प्रद्युम्न "दया, कुलपाला गोळी घाल" असं म्हणाले असते तर मालिका पहिल्याच वर्षी हॉस्पिटलमध्ये संपली असती.

इथं माझा तो रूममेट हमखास मध्ये पडतो. आमचा वाद आता आठ वर्षांचा झाला. तो म्हणतो, हिरो दहा जणांना एका ठोशात उडवतो ते चालतं, गाडी हेलिकॉप्टरवर आपटते ते चालतं, तुला खटकतं काय तर कुलूप! लॉजिक लावायचं तर सगळीकडे लाव.

लावतो. उडणारी गाडी बघून थिएटरमध्ये कुणीही मनात नोंद करत नाही की बरं झालं, आता कळलं गाडी कशी उडवायची. ते खोटं स्वतःच्या अंगावर 'मी खोटं आहे' अशी पाटी लावून येतं. आपण शिट्ट्या मारतो आणि घरी जातो. कुलपाचं खोटं तसं नाही. ते चिमुकलं आहे. दोन सेकंदांचं. त्यावर कुणी शिट्टीसुद्धा मारत नाही. ते माहिती असल्यासारखं बाजूनं आत येऊन बसतं, दूध उतू जातं किंवा पेट्रोल पेटतं या माहितीच्या शेजारी. आमच्या इंजिनिअरिंगच्या ग्रुपवर मी सहज विचारलं, पिस्तुलाच्या गोळीनं साधं कुलूप तुटतं का? बहुतेकांचं उत्तर होतं, "हो, जवळून मारली तर." जवळून! म्हणजे जिथं उभं राहणं सगळ्यात धोक्याचं तिथून. यातले दोघं मेकॅनिकलचे.

आणि या चिमुकल्या खोट्याच्या पोटात एक मोठं खोटं आहे. हिंमतवाल्याला बंद दार अडवू शकत नाही, हे. एकदा ते पटलं की बंद दाराची भीती जाते, आणि भीती गेली की दार कुणी बंद केलं, का केलं, चावी कुणाकडे आहे, हे विचारायचं राहून जातं. आम्ही साठ जण वर्षभर त्या चॅनेल गेटमागे झोपत होतो. एकानंही विचारलं नव्हतं.

१३ जून १९९७ ला 'बॉर्डर' रिलीज झाला. त्याच दिवशी दुपारच्या शोला दिल्लीच्या ग्रीन पार्कमधलं उपहार थिएटर भरलेलं होतं. खाली पार्किंगच्या मजल्यावरच्या ट्रान्सफॉर्मरनं पेट घेतला आणि धूर वर चढत बाल्कनीत भरला. जास्तीच्या खुर्च्या बसवण्यासाठी बाल्कनीतली एका बाजूची वाट बुजवलेली होती. दाराला कडी होती. सूचना देणारं कुणी नव्हतं, इमर्जन्सी लाइट नव्हते. ५९ माणसं गेली, बहुतेक गुदमरून. पडद्यावर त्या वेळी तोफा चालू होत्या. ज्या आईबापांची दोन्ही मुलं त्यात गेली त्यांनी पुढे वीसेक वर्षं कोर्टात काढली. २०२३ मध्ये आलेली 'ट्रायल बाय फायर' ही नेटफ्लिक्सवरची मालिका त्यांच्यावर आहे. बघितली नसेल तर बघा, पण एका बैठकीत बघू नका.

त्या बाल्कनीत पिस्तूल असतं तर काही झालं असतं का, हा प्रश्न मला एकानं खरंच विचारला आहे. कडी बाहेरून लागलेली, आत काळोख, धूर, दाराला चिकटून चाळीस-पन्नास माणसं. त्यात गोळी. मी उत्तर दिलं नाही.

या प्रश्नाचं उत्तर कुणीतरी फार पूर्वीच देऊन ठेवलंय, आणि त्यात हिरो नाही. इंग्लंडमधल्या संडरलंडच्या व्हिक्टोरिया हॉलमध्ये १६ जून १८८३ ला मुलांसाठी करमणुकीचा कार्यक्रम होता. शेवटी खेळणी वाटणार असं जाहीर झालं आणि गॅलरीतली मुलं जिन्यावरून खाली पळाली. खालचं दार आतल्या बाजूला उघडणारं होतं, आणि एका वेळी एकच मूल जाईल एवढी फट ठेवून त्याला बोल्ट लावलेला होता. १८३ मुलं चेंगरून मेली. त्यानंतर १८९२ मध्ये रॉबर्ट अलेक्झांडर ब्रिग्ज यांनी पॅनिक बोल्टचं पेटंट घेतलं. दाराला आतून एक आडवी दांडी. तिला नुसतं अंग लागलं, मागून गर्दीचा रेटा आला, तरी दार बाहेर उघडतं. चावी नको, ताकद नको, डोकं शांत असायला नको, नेम तर नकोच. आज ती दांडी मल्टिप्लेक्सच्या एक्झिटवर असते. तुम्ही शेकडो वेळा ढकलली असेल. आपल्या राष्ट्रीय इमारत संहितेतही सुटकेचं दार आतून चावीशिवाय उघडलं पाहिजे असं लिहिलेलं आहे.

म्हणून मी अलीकडे थिएटरमध्ये पॉपकॉर्नच्या आधी एक्झिट बघतो. मित्र वैतागतात. गेल्या महिन्यात एका मल्टिप्लेक्समध्ये पडद्याच्या डाव्या हाताचं दार बघितलं, तर पॅनिक बारला सायकलची साखळी गुंडाळलेली आणि साखळीला लहानसं पिवळं कुलूप. तिथल्या पोराला विचारलं. वीस-एकवीसचा असेल. म्हणाला, "सर, पार्किंगमधून लोक फुकट घुसतात, म्हणून."

"आग लागली तर?"

"तर उघडू ना सर."

"चावी?"

"मॅनेजर सरांकडे असते."

मी म्हटलं, बोलाव. तो खरंच गेला. मला वाटलं नव्हतं. इंटर्व्हल सुरू झाला होता आणि मी मोबाइलवर स्टॉपवॉच लावलं, वाद घालताना आकडा जवळ असावा म्हणून. मॅनेजर आले, वैतागलेले पण अदबीनं बोलणारे. त्यांच्या जुडग्यात दहा-बारा चाव्या. पहिली लागली नाही. दुसरी आत गेली, फिरली नाही. पोरगा टॉर्च धरून उभा. पाचव्या चावीला कुलूप उघडलं तेव्हा घड्याळात ४ मिनिटं ४० सेकंद झाले होते, आणि हॉलमध्ये धूर नव्हता, लाइट चालू होते, कुणी कुणाला ढकलत नव्हतं.

मॅनेजरनी साखळी सोडवून हातावर गुंडाळली. मी विचारलं, परत लावणार का? ते म्हणाले, "आत्ताचा शो संपेपर्यंत तरी नाही, सर."

लेखी तक्रार मी त्याच रात्री केली. एक प्रत मल्टिप्लेक्सला, एक महापालिकेच्या अग्निशमन विभागाला. पोच मिळाली आहे. उद्या परत त्याच हॉलमध्ये जातोय, डाव्या बाजूचं तिकीट काढलंय. रूममेट बरोबर येतोय. म्हणतो, पिक्चर बकवास असला तरी चालेल, दार बघू.